पुसायच्या राहिलेल्या तीन ओळी

जुना झालो आहे मी, मित्रांनो, आणि माझा खालचा एक कोपरा उंदरांनी कुरतडला आहे. म्हणून कुणी मला टाकून देण्याआधी माझी हकीकत सांगून घेतो. मी फळा आहे. लाकडी, काळा, साडेतीन फूट रुंद. बीदर जिल्ह्यात हुलसूर नावाचं गाव आहे, तिथल्या एका स्वयंपाकघराच्या भिंतीवर मी टांगलेला असतो. समोर गॅसची शेगडी, उजव्या हाताला खिडकी. दुपारी चारच्या सुमारास त्या खिडकीतून तिरपं ऊन माझ्या अंगावर येतं. त्या वेळी कुणी नीट पाहिलं तर आजवर माझ्यावर लिहिलेलं आणि पुसलेलं सगळं दिसतं, एकावर एक, विहिरीत बुडालेल्या पायऱ्यांसारखं. फडका वरून फिरतो. आतून फळा कधीच पुसला जात नाही.

म्हणून माझी गोष्ट तुम्हाला थोडी भुताची वाटेल. घाबरू नका.

उदगीरच्या एका सुताराने मला घडवलं आणि बैलगाडीत घालून सीमेवरच्या एका लहानशा शाळेत पाठवलं. खोली एकच होती. सकाळी मराठीचा वर्ग आणि दुपारी कन्नडचा. दोन्ही लिप्या माझ्या अंगावरून गेल्या. मला पुसायला पोरांची भांडणं लागायची. शाळेत दुपारचं जेवण, म्हणजे आमच्याकडचं बिसिऊट, शिजवायला पार्वतीबाई होत्या. हातात पळी घेऊन त्या दारात उभ्या राहायच्या आणि पोरांबरोबर पाढे पुटपुटायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं, पण एकदा कानावर पडलेलं त्या विसरत नसत.

पुढे शाळेला पांढरा गुळगुळीत फळा आला. मला व्हरांड्यात नेलं आणि तांदळाच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवलं. दोन वर्षं माझ्यावर एक अक्षर उमटलं नाही, नुसत्या वांग्यांच्या टोपल्या ठेवल्या गेल्या. मग एका दुपारी पार्वतीबाई मुख्याध्यापक श्रीपतरावांपुढे उभ्या राहिल्या.

"गुरुजी, ह्यो फळा पडूनच हाय. माझ्या विशाखाला न्हेऊ का?"

"कामून? कॉलेज झालं की तिचं. आता काय अ आ ई शिकायलीय का?"

"कुठल्या तरी दुसऱ्या मुलुखाची भाषा शिकायलीय."

"हैदराबादची?"

"त्याच्या बी पलीकडची म्हनते."

श्रीपतराव हसले आणि त्यांनी स्वतः मला रिक्षात चढवलं. माझं दुसरं आयुष्य तिथून सुरू झालं.

विशाखा ही पार्वतीबाईंची धाकटी मुलगी. भालकीला बी. कॉम. झाली, वर्षभर हैदराबादेत एका कंपनीत राहून आली. तिथं तिनं एक गोष्ट पाहिली. स्पेन नावाच्या देशातली आणि त्याच्याही पलीकडची माणसं त्या कंपनीला पत्रं लिहीत. त्यांना त्यांच्या भाषेत उत्तरं देणाऱ्या मुली आपापल्या गावी, आपापल्या घरी बसून काम करत. विशाखा घरी आली ती हेच डोक्यात घेऊन. रूपा मॅडम नावाच्या बाई फोनवरून स्पॅनिश शिकवत, त्यांच्याकडे तिनं नाव घातलं.

घरात तिची वहिनी होती पंचशीला, औरादकडची. नवीनच लग्न होऊन आलेली. औरादची म्हणजे मराठी, कन्नड, तेलुगू आणि बाजारातली उर्दू हे सगळं जिभेवर. विशाखा तिला म्हणाली, "वहिनी, तुला चार भाषा येत्यात. पाचवी काय जड हाय? चल, दोगी मिळून शिकू."

"वही कुठं धरू? हात पिठात असत्यात माझे."

म्हणून मी स्वयंपाकघरात आलो, मित्रांनो. पीठ मळता मळता, भाकरी थापता थापता नजर वर केली की दिसावं म्हणून.

त्यांची शिकायची रीत मात्र शाळेतली नव्हती. ती बुद्धविहारातली होती. पार्वतीबाई दर रविवारी विहारात वंदना घेतात. त्या एक ओळ म्हणतात आणि थांबतात. मग बाकीच्या बायका ती ओळ म्हणतात. त्रिसरण तर तीन वेळा. असं म्हणत म्हणतच अक्षरओळख नसलेल्या बायकांना पाली तोंडपाठ झाली आहे. विशाखानं तेच केलं. माझ्यावर देवनागरीत एक ओळ लिहायची, मोठ्यानं म्हणायची, थांबायची. त्या थांबण्यात पंचशीला तीच ओळ म्हणायची. तीनदा. मग मला पुसायचं आणि पुढची ओळ. मला ते थांबणं फार आवडायचं. दोन आवाजांमधली ती जागा रिकामी नसायची. दुसरा आवाज यायची सगळेच वाट बघत असायचे, मीसुद्धा.

"भाकर करपायलीय तुमच्या त्या भाषेत," पार्वतीबाई ओरडायच्या.

"माय, करपलेल्याला काय म्हनत्यात सांगू का?"

"नगं. तूच खा, मग कळंल."

विशाखाचं अक्षर हलकं होतं. मुंगी चालल्यासारखी ती लिहायची. खडू टेकला न टेकला असा. पंचशीला दाबून लिहायची. तिच्या हातात खडू हटकून मोडायचा आणि तुकडा पातेल्यात पडायचा. दोघींचं ठरलं होतं की पहिली परीक्षा एकाच दिवशी, शेजारी बसून द्यायची. एकटीनं द्यायची नाही.

दोन वर्षांपूर्वी, पावसाळा संपता संपता, विशाखाला ताप आला. पाचव्या दिवशी तिची खाट स्वयंपाकघरातच आणली, कारण तिथं माणसं होती. पार्वतीबाई डोक्यावर पट्ट्या ठेवत होत्या आणि एकसारख्या बोलत होत्या. काढा पी, ऐकत न्हाईस, उघड्यावर कपडे धुतलीस, म्हनून झालं. मग त्या शेजारी बर्फ मागायला गेल्या, तेव्हा विशाखा म्हणाली, "वहिनी, फळा पूस. लिव. मोठ्या अक्षरात लिव, मला इथनं दिसाया पायजे."

"झोप की गप."

"लिव म्हनले ना."

तिनं तीन ओळी सांगितल्या. आवाज इतका बारीक झाला होता की प्रत्येक ओळ पंचशीलानं दोनदा विचारली. तिन्ही ओळी पंचशीलानं लिहिल्या, माझं सगळं अंग भरेल एवढ्या मोठ्या. तिसऱ्या ओळीला खडू मोडला. विशाखा हसली. तेवढ्यात तिचा भाऊ नागेश, पंचशीलाचा नवरा, टेम्पो घेऊन आला. तिला बीदरच्या दवाखान्यात नेलं. जाताना कुणी मला पुसलं नाही.

चार दिवस घर बंद होतं. मग दार उघडलं आणि पांढरी लुगडी नेसलेल्या बायका आत आल्या. पार्वतीबाई सरळ माझ्यापाशी आल्या. त्यांनी तळहात ओळींच्या वर, हवेतच धरला. "माझ्या लेकीचं अक्षर तेवढं ऱ्हायलं," त्या म्हणाल्या.

दारात पंचशीला उभी होती. ती आत आली आणि शेगडीपाशी वळली.

त्या दिवसापासून मला कुणी हात लावायचा नाही, असं ठरलं. घरात एकट्या पंचशीलाला माहीत होतं की अक्षर तिचं आहे. आणि मला. मी काय करणार? माझ्यावर दुसऱ्याच कुणीतरी लिहिलं तरच मला बोलता येतं.

माझ्यावर एक जुनी साडी पडद्यासारखी लावली गेली. रोज चार वाजता पार्वतीबाई तो पडदा बाजूला करायच्या, माझ्यासमोर मेणबत्ती लावायच्या आणि पाटावर बसायच्या. पाहुण्यांना दाखवायच्या. कुणी विचारलंच, "काय लिवलंय वो?" तर पंचशीलाकडे बोट करायच्या. पंचशीला म्हणायची, "चांगलंच लिवलंय." तिची नजर शेगडीवरून उठायची नाही.

विशाखाचा फोन फडताळात होता. तो अंधारलेला पार्वतीबाईंना बघवायचा नाही, म्हणून त्या रोज चार्जिंगला लावायच्या. त्याच्यात शिकवणीचं ॲप होतं, इंटरनेटवरून आठवण देणारं. चारच्या ठोक्याला तो टुण्ण वाजायचा. आजचा धडा राहिला आहे, असं सांगायचा. नसलेल्या माणसाला रोज अभ्यासाला हाक मारायचा. लाटणं पंचशीलाच्या हातात थांबायचं. आणि पार्वतीबाई फडताळाकडे तोंड करून म्हणायच्या, "व्हय, व्हय. यायलीय." एक दिवस तो वाजला नाही. रिचार्ज संपला होता, एवढंच. पण त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

पंचशीलानं सुरुवातीला प्रयत्न केला होता, हे मी सांगितलं पाहिजे. माझ्याकडे पाठ करून ती भांडी घासता घासता एक ओळ म्हणायची. मग सवयीनं थांबायची. त्या थांबण्यात कुणाचा आवाज यायचा नाही. नळाचं पाणी वाजायचं. तीन-चार वेळा असं झालं आणि तिनं म्हणणं सोडून दिलं. वही ट्रंकेत गेली. मुलगी झाली, चिमी, आणि दिवस दुधाच्या बाटल्यांत आणि लंगोटांत बुडाले. रूपा मॅडमनी दोनदा फोन केला, तिनं उचलला नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "विसरले मी. मला काय करायचंय ती भाषा?" तिचं मन उडालं होतं. आळस नव्हता तो. त्या भाषेचं दार उघडलं की आत कोण बसलेलं असेल, हे तिला ठाऊक होतं.

मग या वर्षी, एका दुपारी, चिमीला मांडीवर थोपटताना तिच्या तोंडून निघालं, "उनो, दोस, त्रेस, क्वात्रो." थोपटण्याच्या ठेक्यावर, आपोआप. एक, दोन, तीन, चार. ती दचकली. चिमीनं डोळे उघडले आणि पुढचा आकडा ऐकायला थांबली.

पंचशीलानं दहापर्यंत म्हटलं. मग परत एकपासून.

आठवड्याभरात तिनं स्वतःहून मॅडमना फोन लावला. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, चाळीस दिवसांनी हैदराबादला पहिली परीक्षा आहे. पास झालीस तर घरी बसून करायचं काम मी मिळवून देते, न झालीस तर पुढची परीक्षा वर्षानं. नागेश ऐकत होता. "हुलसुरात कुणासंगं बोलनारेस तू ती भाषा? म्हशीसंगं?" असं म्हणाला, पण परीक्षेचा अर्जही त्यानंच भरून दिला. चिमी लहान, बाहेर कामाला जाता येत नाही, आणि स्वतःचं असं काही हातात असावं ही पंचशीलाची इच्छा त्याला ठाऊक होती.

पण शिकायचं कुठे? विशाखाचा फोन रिचार्ज संपल्यापासून मुकाच होता. घरात चालू फोन एकच, तो सकाळी आठला नागेशबरोबर टेम्पोत जायचा. वही काढली तर चिमीनं पहिल्याच दिवशी दोन पानं खाल्ली. पंचशीला परातीतल्या पिठावर बोटानं शब्द लिहायची: आग्वा, पाणी. लेचे, दूध. आणि लगेच त्याच पिठाचा गोळा करायची. शब्द भाकरीत जायचे आणि भाकरीबरोबर संपायचे. ती वर बघायची. मी समोर होतो, पडद्यामागे, तीन ओळींनी भरलेला. मला हाक मारता आली असती तर मारली असती.

एकदा तिनं धीर केला आणि सासूला विचारलं. "आत्या, फळ्याच्या खाली थोडी जागा हाय. तिथं लिवू का?"

पार्वतीबाईंनी वळूनही पाहिलं नाही. "तिथं न्हाई. घरात भिंती कमी हायत का?"

आणि पुढच्याच आठवड्यात त्यांनी ते ठरवलं, ज्यानं मला धडकी भरली. विशाखाच्या दुसऱ्या पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे स्मृतिदिनाच्या, आदल्या दिवशी त्या नागेशला म्हणाल्या, "माणिकप्पाला बोलीव. फळ्यावरचं गिरवून घ्यायचंय. पांढऱ्या ऑइलपेंटनं."

"माय, आपल्यात असलं करत न्हाईत. उद्या वंदना घेऊ, गावाला जेवण घालू, झालं."

"पूजा कुठं करायले रे म्या? खडू झडायलाय. परवा पयल्या अक्षराच्या डोक्यावरची रेघ गेली. पुढच्या वरसाला काय उरंल?"

मित्रांनो, ऑइलपेंट फळ्यावरून जात नाही. एकदा तो चढला की मी फळा उरणार नव्हतो. पाटी झालो असतो, दुकानावर असते तशी. आणि पंचशीलाचं अक्षर कायमचं विशाखाचं होऊन बसलं असतं.

माणिकप्पा म्हणजे गावातला पेंटर. टेम्पोचे नंबर आणि दुकानांची नावं रंगवणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, डबा उघडला, ब्रश हलका झटकला आणि माझ्यापुढे उकिडवा बसला. बराच वेळ नुसता बघत राहिला.

"अक्का, कोण लिवलंय म्हनलीस?"

"माझी विशाखा. तापात. दवाखान्यात जायच्या आदी."

"तापात?" त्यानं मान वाकडी केली. "तीस वरसं अक्षरं गिरवायलोय मी. अक्षर बगितलं की हात कळतोय. हे उभं राहून लिवलंय. जोरात लिवलंय. हे बग, इथं खडू मोडलाय. आजारी मानसाचा हात असा न्हाई पडत."

"तुला कामून एवढ्या चवकशा? रंगव की गप."

"रंगवतो. पर काय लिवलंय ते तर सांग. न कळता गिरवलो अन् एखादी मात्रा चुकली, तर उद्या माझ्याच नावानं बोंबलशील."

सगळे पंचशीलाकडे बघायला लागले. नागेश दारात होता. चिमी कडेवर होती आणि चमचा ताटलीवर आपटत होती. पंचशीलानं तिच्या हातातला चमचा काढून घेतला, त्यामुळे एकदम शांत झालं.

"आत्या, ते अक्षर माझं हाय."

माणिकप्पानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

"ती खाटंवर व्हती. ती सांगितली, मी लिवले. तुमी बर्फ आणाया गेला व्हता."

"दोन वरसं," पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मी ओळखला नाही. "दोन वरसं म्या तुझ्या अक्षरापुढं बसले? अन् तू हितंच भाकरी थापायलीस?"

"व्हय, आत्या."

"कामून बोलली न्हाईस गं?"

"तुमी आल्या आल्या हात धरलात फळ्यावर. म्हनलात, लेकीचं अक्षर तेवढं ऱ्हायलं. मग मी कसं बोलू? ते बी काढून घेऊ का तुमच्यापासनं?"

पार्वतीबाई माझ्याजवळ आल्या. पहिल्यांदाच त्यांनी हात खरोखर टेकवला. बोटांना खडू लागला. त्या बोटांकडे बघत म्हणाल्या, "अक्षर तुझं. मग ह्यात तिचं काय हाय?"

"बोलणं. बोलणं सगळं तिचंच हाय."

"मग वाच. हल्लू वाच."

दोन वर्षं माझ्याकडे बघणं चाललं होतं, मित्रांनो. मला वाचलं कुणी नव्हतं.

"तेंगो फिएब्रे," पंचशीलानं वाचलं. "म्हंजे, मला ताप हाय."

पार्वतीबाईंनी मान हलवली.

"मि माद्रे आब्ला मुचो." इथं ती अडली.

"सांग की."

"म्हंजे... माझी माय लई बोलते."

माणिकप्पाला हसू फुटलं. त्यानं रंगाचा फडका तोंडावर दाबला. नागेश जमिनीकडे बघायला लागला.

"असं लिवलंय?" पार्वतीबाई म्हणाल्या. "मेणबत्ती लावून दोन वरसं म्या हे बगायले? माझी माय लई बोलते?" आणि त्यांच्या पोटातून हसणं वर आलं. ते त्यांना आवरेना. हसत हसत त्या पाटावर बसल्या आणि तसंच त्यांचं रडणं सुरू झालं. "तापात बी गप बसली न्हाई कार्टी. तापात बी मला बोलली."

पंचशीला त्यांच्या शेजारी बसली. चिमी मध्येच रांगत गेली आणि आजीच्या पदराचा शेव तोंडात घातला.

"अन् तिसरी?" थोड्या वेळानं पार्वतीबाईंनी विचारलं.

"मि कुन्यादा एस्क्रिबे. माझी वहिनी लिवते."

हे ऐकून पार्वतीबाईंनी डोळे पुसले. मग म्हणाल्या, "म्हंजे पोरीनं सांगून ठिवलं व्हतं की. आमालाच वाचाया येईना." त्यांनी मांडी नीट घातली, पाठ ताठ केली, विहारात बसतात तशी. "म्हनवून घे माझ्याकडनं."

पंचशीला एक ओळ म्हणाली आणि थांबली. त्या थांबण्यात आवाज आला. म्हातारा, जड, वंदनेच्या चालीत. तेंगो फिएब्रे. मि माद्रे आब्ला मुचो. मि कुन्यादा एस्क्रिबे. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या वेळी पार्वतीबाई पंचशीलासाठी थांबल्या नाहीत. तिन्ही ओळी त्यांनी एकट्यानं, डोळे मिटून म्हटल्या.

"झालं पाठ," त्या म्हणाल्या. "आता पूस."

"मी?"

"तू लिवलीस, तूच पूस. तुझी परीक्षा हाय न्हाई का?"

पार्वतीबाईंनी स्वतः फडका ओला करून तिच्या हातात दिला. पंचशीलानं तो वरच्या ओळीवर टेकवला. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. तिसरीपाशी ती थांबली, आणि मागून आवाज आला, "ती बी." गार पाणी माझ्या अंगावरून ओघळलं. दोन वर्षांनी मला पाणी लागलं होतं. खरं सांगतो, मी घाबरलो होतो. वाटलं, आता ती खरोखर गेली. पण पाणी वाळलं, माझं काळं अंग वर आलं, आणि मला कुणीतरी श्वास घ्यायला दिल्यासारखं झालं.

"मग मी काय रंगवू?" माणिकप्पानं विचारलं.

"चहा पी अन् जेवायला ये दुपारी," पार्वतीबाई म्हणाल्या.

त्यानंतर सगळं सोपं झालं असं समजू नका. निम्मं पंचशीला खरोखरच विसरली होती. काही दिवस खडू हातात घेऊन ती नुसती बसायची. चिमीला सर्दी झाली तेव्हा तीन दिवस माझ्यावर एक शब्दही आला नाही. एकदा एक क्रियापद चौथ्यांदा चुकलं तेव्हा तिनं खडू फेकला, तो नेमका वरणात पडला. पण रोज भाकरीच्या वेळी पार्वतीबाई विचारायच्या, "आज काय हाय?" आणि ओळीला ओळ म्हणायच्या. अर्थ त्यांना नको असायचा. आवाज द्यायचा असायचा. कधी कधी दोन आवाजांच्या मधल्या जागेत तिसरा, बारीक आवाज असल्यासारखं मला अजून वाटतं. पंचशीलालाही वाटत असावं. ती हल्ली तिथं घाईनं पुढे जात नाही.

आज पहाटे ती नागेशबरोबर हैदराबादला गेली, परीक्षेला. शेजारची खुर्ची तिथं कुणा परक्याची असेल. पास होईल की नाही, मला माहीत नाही. जाताना ती मला पुसून गेली.

आता चार वाजलेत. खिडकीतून ऊन आलं आहे आणि त्यात त्या तीन ओळी माझ्या खोल आत दिसताहेत. पार्वतीबाईंनी वर पाहिलं तर त्यांनाही दिसतील. पण त्या माझ्याकडे पाठ करून चिमीला दूधभात भरवताहेत आणि तोंडानं आपल्या तिन्ही ओळी म्हणताहेत. पहिल्या ओळीतला एक शब्द त्यांचा रोज चुकतो. पंचशीलानं तो कधी दुरुस्त केलेला नाही. दोन वर्षं त्या माझ्याकडे बघून गप्प बसायच्या. आता माझ्याकडे बघत नाहीत आणि बोलतात. मला हेच बरं वाटतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात कुणाचं तरी अर्धं राहिलेलं काही असेल. एखादी वही असेल, पेटी असेल, शिवणाचं मशीन असेल. त्याच्यावर पडदा टाकून त्याला जपू नका. आधी ते वाचा, मोठ्यानं. पाठ करा. मग फडका ओला करा. पुसा. आणि जागा रिकामी झाली की लिहायला घ्या, दाबून लिहा, खडू मोडला तरी चालेल.